तिरक्या लाटा: शीळ-डायघर बाजूच्या एका खडी रस्त्याचं प्रकरण

खडीच्या रस्त्यावर लाटा उठल्या की सगळे गाड्यांना दोष देतात. डंपर भरधाव जातात, मुरूम हलका आला, पाणी मारलं गेलं नाही. यातलं बरंचसं खरंही असतं. पण लाटा मोडायला आणलेल्या ग्रेडरनेच, म्हणजे रस्ता खरवडून सपाट करणाऱ्या लांब पात्याच्या मशीननेच, त्यातल्या अर्ध्या पेरल्या असतील, ही शंका कोणी घेत नाही. म्हणून दर दहा दिवसांनी तोच ग्रेडर येतो, तेवढ्याच वेगाने फिरतो, डिझेल जळतं आणि चौथ्या दिवशी रस्ता पुन्हा वाजायला लागतो.

ठाण्याच्या शीळ-डायघर पट्ट्यात, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला, साइटवर जाणारे असे पोचरस्ते पुष्कळ आहेत. त्यांच्या नेहमीच्या स्थितीवरून इथे एक नमुना पट्टा घेतला आहे, म्हणजे हिशेब आकड्यांसकट मांडता येईल. लांबी १.२ किलोमीटर, रुंदी ७ मीटर. दोन्ही बाजूंना कच्चं गटार, मध्ये ह्यूम पाईपची एक मोरी, एक वळण आणि शेवटी साइटचं गेट. वाहतूक डंपर, काँक्रीटचे मिक्सर, पाण्याचे टँकर आणि कामगारांच्या दुचाकींची. रस्त्याचा माल म्हणजे क्रशरची २० मिमी खडी आणि ग्रिट, बांधायला जवळजवळ काहीच नाही. महिना फेब्रुवारी. ग्रेडर १२ फुटी, म्हणजे ३.६६ मीटर पात्याचा.

आधी टेप, मग मशीन

मशीन सुरू करण्याआधी रस्ता पायी चालावा. हातात टेप, तीन मीटरची सरळ पट्टी आणि खडू. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना चाललं तर लाटांच्या सावल्या स्पष्ट दिसतात, दुपारी बाराला काही दिसत नाही.

या पट्ट्यावर दोन वेगळ्या जातीच्या लाटा सापडल्या. गेटजवळचे शेवटचे ६० मीटर आणि वळणाच्या अलीकडे-पलीकडे लाटा एकमेकींच्या जवळ होत्या, दोन माथ्यांमध्ये ६० ते ८० सेंटीमीटर. त्या फक्त चाकांच्या वाटेत होत्या आणि रस्त्याला अगदी काटकोनात. खोली ४५ ते ५० मिमी. या गाड्यांच्या लाटा. ब्रेक लागतो किंवा गिअर टाकून गाडी उचलते तिथे त्या हमखास येतात.

मधल्या सरळ ४०० मीटरवरचं चित्र निराळं होतं. तिथे माथ्यापासून माथ्यापर्यंत २.१ मीटर अंतर, खोली २० ते २५ मिमी, आणि लाट चाकाच्या वाटेपुरती नसून अर्ध्या रस्त्याच्या रुंदीभर पसरलेली. मुख्य म्हणजे ती तिरकी होती. माथ्याच्या रेषेवर खडू ओढला आणि कोन मोजला तर काटकोनापासून साधारण ३५ अंश सरकलेला. कुठलीही गाडी तिरकी लाट करत नाही, कारण तिची दोन्ही चाकं एका रेषेत आडवी असतात. रस्त्यावर ३५ अंशात तिरकी चालणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे ग्रेडरचं पातं. मशीन उसळलं की अख्खं पातं वर उठतं आणि त्याच कोनात माथा सोडून जातं. जाताना डाव्या अर्ध्यावर आणि येताना दुसऱ्या अर्ध्यावर पातं कडेकडून मध्याकडे माल ओढत असेल, तर दोन्ही अर्ध्यांवरच्या लाटा एकाच बाजूला कललेल्या दिसतात. इथे तशाच दिसल्या.

उरलेल्या भागात लाटा किरकोळ होत्या, पण कॅम्बर, म्हणजे मध्यापासून कडेकडे दिलेला उतार, दबून गेला होता. मध्य आणि कड यांत १४० मिमीचा फरक हवा, तिथे ३० ते ५० मिमीच उरला होता. काही ठिकाणी कडेला गवत आणि मातीचा वरंबा साचून रस्त्याचं पाणी गटारात जायची वाटच बंद झाली होती.

२.१ मीटर कुठून आले

गेल्या फेरीचा वेग ऑपरेटरला विचारायची गरज पडली नाही. ५० मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या, त्याला नेहमीसारखं चालवायला सांगितलं आणि मोबाईलवर वेळ लावली. १४ सेकंद. म्हणजे ताशी जवळपास १३ किलोमीटर, सेकंदाला ३.५७ मीटर. लाटेचं अंतर २.१ मीटर, म्हणजे मशीन सेकंदाला सुमारे १.७ वेळा वर-खाली होत होतं. ग्रेडरला स्प्रिंगा नसतात. मशीनचं सगळं वजन टायरमधल्या हवेवर डुलतं, आणि अशा डुलण्याची गती साधारण याच टप्प्यात येते. एकदा डुलायला लागलं की पातं लाट करतं आणि पुढच्या फेरीला तीच लाट मशीनला पुन्हा डुलवते.

भूमितीही समजून घेण्यासारखी आहे. या आकाराच्या मशीनमध्ये पुढचा ॲक्सल आणि टँडमचा (मागे दोन्ही बाजूंना एकापाठोपाठ असलेल्या चाकांच्या जोडीचा) मध्य यांत सुमारे ६ मीटर अंतर असतं आणि पातं पुढच्या ॲक्सलच्या मागे साधारण अडीच मीटरवर असतं. पुढची चाकं ५० मिमीच्या उंचवट्यावर चढली की पातं सुमारे २९ मिमी उठतं. मागच्या टँडमचं एकच चाक तेवढ्याच उंचवट्यावर चढलं तर टँडमचा मध्य २५ मिमी उठतो आणि पात्यापर्यंत त्यातले जेमतेम १० मिमी पोचतात. म्हणजे मशीनची रचनाच खड्डे-उंचवटे पातळ करणारी आहे. हळू चालवलं आणि पातं स्थिर धरलं तर प्रत्येक फेरीला रस्ता आपोआप सपाट होत जातो.

बिघडतं ते हातामुळे. पुढचं चाक उंचवट्यावर गेलं की ऑपरेटरला झटका बसतो आणि तो लिव्हर ओढतो. ताशी १३ किलोमीटरला पुढच्या चाकाची जागा पात्याखाली यायला फक्त ०.७ सेकंद लागतात. झटका जाणवणं, हात हलणं, तेल सिलिंडरमध्ये जाणं यातच तेवढा वेळ संपतो. मग पातं दाबलं जातं ते उंचवटा मागे पडल्यावर, आणि उचललं जातं ते खड्ड्यावर. ताशी ५ किलोमीटरला तेवढंच अंतर कापायला १.८ सेकंद मिळतात. तरीही प्रत्येक धक्क्याला उत्तर द्यायचं नसतं. लिव्हरला हात लागावा तो कॅम्बर सुटतोय किंवा मोरी येतेय म्हणून, आणि तोही टिचकीएवढा.

गाड्यांच्या लाटांबद्दल एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थाळीवर चाक चालवून पाहिलं. ठरावीक वेग ओलांडला की लाटा उठतातच, स्प्रिंग किंवा शॉकअब्सॉर्बर नसलेल्या चाकाखालीही उठतात. त्यामुळे सुट्या, कोरड्या खडीवर ग्रेडर कितीही चांगला चालवला तरी वाहतुकीचा वेग आणि मालातलं बंधन यांचा बंदोबस्त वेगळा करावाच लागतो.

मशीनमध्ये काय सापडलं

उजव्या टँडमच्या मागच्या टायरमध्ये त्याच्या जोडीदारापेक्षा १२ पीएसआय हवा कमी होती. डोळ्यांना हे दिसत नाही, गेज लावावंच लागतं. एका कोपऱ्याचा टायर मऊ असला की पातं एका बाजूला बसतं आणि डुलणं लवकर सुरू होतं. सहाही टायर थंड असताना, मशीनच्या पाटीवर दिलेल्या दाबाला आणले.

कटिंग एज म्हणजे पात्याच्या खालच्या कडेला बोल्टने लावलेल्या, बदलता येणाऱ्या धारेच्या दोन सहा फुटी पट्ट्या. दोन्ही आतल्या, मधल्या टोकांना झिजलेल्या. सरळ पट्टी लावली तर मध्ये १४ मिमी पोकळी. अशा एजने कॅम्बर काढला की रस्ता दोन सरळ उतारांचा न राहता घुमटासारखा होतो. मध्याशी जवळजवळ सपाट, कडेला एकदम तीव्र. मध्यावर पाणी थांबतं, तिथे खड्डे पडतात, आणि मग लोक म्हणतात की कॅम्बर देऊनही खड्डे पडले. एजमध्ये अजून बराच जीव होता, म्हणून डावी पट्टी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. त्यामुळे आतली झिजलेली टोकं बाहेर गेली. दोन्ही पट्ट्यांची भोकं सारखी असतील तरच हे जमतं. बाहेरच्या टोकांना उरलेली झीज कडेला फारशी नडत नाही, मध्यावर नडते. हे काम करताना पातं लाकडी स्लीपरवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. हायड्रॉलिकवर लटकलेल्या पात्याखाली हात घालू नये, मग कितीही घाई असो.

तिसरी गोष्ट सर्कलची, म्हणजे पातं ज्या गोल कड्याला टांगलेलं असतं आणि ज्याच्यासोबत फिरतं त्याची. पात्याचं एक टोक सळईने उचकटून पाहिलं तर सर्कल वर-खाली दीड-दोन सेंटीमीटर हलत होतं. त्याला टेकू देणारे वेअर पॅड झिजले होते. शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, काढून फट मशीनच्या पुस्तिकेतल्या मापाला आणली आणि सर्कलला मशीनच्या पुढच्या टोकाशी जोडणाऱ्या ड्रॉबारच्या पुढच्या बॉलचीही ढिलाई काढली. सर्कल ढिलं असलं की पातं कठीण जागी थरथरतं आणि बोटभर अंतराच्या बारीक रेघा सोडतं. या रेघा लाटांपेक्षा वेगळ्या ओळखाव्यात. त्यांचं मूळ वेगात नसून ढिलाईत असतं.

माल: किती मुरूम, किती पाणी

जुन्या मालाचा नमुना चाळला तर ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून ५ टक्केच गेला, आणि जे गेलं त्यात चिकटपणा नव्हता. बेसॉल्टच्या क्रशरची भुकटी बारीक असली तरी बांधत नाही, उन्हात उडून जाते. वरच्या थरात साधारण ८ ते १५ टक्के बारीक माल आणि ४ ते १२ पीआय (चिकटपणा मोजणारा प्लॅस्टिसिटी इंडेक्स) असला की खडी धरून राहते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून इथे या आकड्यांच्या खालच्या टोकाजवळ राहावं. मुरूम जास्त झाला तर उन्हाळ्यात रस्ता गुळगुळीत दिसतो आणि जुलैत त्याचा चिखल होतो.

क्षेत्रफळ ८,४०० चौरस मीटर. ७५ मिमी उकरायचं ठरलं, म्हणजे जुना माल सुमारे १,३२० टन. त्यात सरासरी २५ मिमी सुटा, चिकट मुरूम घालायचा, म्हणजे २१० घनमीटर. साइटच्या भाषेत ७४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), पाच ब्रासच्या हायवाने, म्हणजे मोठ्या डंपरने, १५ खेपा. त्या मुरमात बारीक माल ३० टक्के होता. मिश्रणाचा हिशेब केला तर बारीक माल १० टक्क्यांच्या जरा आत बसतो, हवा तिथेच.

इथे एक चूक नेहमी होते. अर्ध्या रुंदीत २५ मिमी थर म्हणजे एक हायवा १६० मीटर पुरायला हवा. पण ड्रायव्हर एका जागी ढीग ओतून मोकळा होतो. मग तो ढीग पसरताना ग्रेडरची पुढची चाकं त्यावर चढतात, पातं उठतं, आणि मुरूम ४० मीटरवर जाड, पुढे पातळ असा पडतो. जाड जागी पावसात घसरगुंडी, पातळ जागी लाटा. फाळक्याची साखळी आवळून, गाडी चालत ठेवून ओतायला सांगावं, आणि खडूने १६० मीटरची खूण आधीच करून ठेवावी.

पाणी: एकूण १,६४० टनांत ५ टक्के ओलावा वाढवायचा म्हणजे ८२ हजार लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर हिशेबाने, पण दुपारच्या वाऱ्यात उडून जाणारं धरून १२ टँकर ठेवले. ओलावा मुठीने तपासता येतो. माल मुठीत दाबला की गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये, आणि गोळा अंगठ्याने दाबला की दोन तुकडे व्हावेत. चुरा झाला तर कोरडा, चपटा झाला तर जास्त ओला.

चार दिवस, रोज ३०० मीटर

वाहतूक बंद करता येत नव्हती, म्हणून रोज ३०० मीटरचा एक तुकडा घेतला. सकाळी एक अर्धा, दुपारनंतर दुसरा. दोन्ही टोकांना लाल-हिरव्या झेंड्यांचा माणूस. मशीन मागे येताना मागे कोणी थांबायचं नाही हे रोज सकाळी पुन्हा सांगायचं, कारण हेल्पर मालाकडे बघत चालतो आणि त्याला मशीनचं भान राहत नाही.

आदल्या संध्याकाळी एक टँकर पाणी. रात्रभरात ते मुरतं, सकाळी वरचं कवच मऊ मिळतं. कोरड्या कडक रस्त्यावर पातं टेकवलं तर ते घसरतं, जोर दिला की उसळतं.

पहिलं काम कडेचं. गटाराच्या बाजूचा वरंबा कापून, गवत-माती वेगळी करून बाहेर टाकली. ही माती मालात मिसळू नये. गवताची मुळं कुजली की तिथे खड्डा पडतो.

मग स्कॅरिफायरने, म्हणजे ग्रेडरच्या उकरणाऱ्या दातांनी, ७५ मिमी उकरलं, पहिल्या गिअरमध्ये. सर्वांत खोल लाट ५० मिमीची होती, तिच्या तळापासून आणखी २५ मिमी खाली जायचं हा हिशेब. हे पाऊल टाळण्याचा मोह फार होतो, कारण माथे कापून खड्ड्यात भरले की रस्ता अर्ध्या तासात सपाट दिसतो. पण खालची लाट तशीच कडक राहिलेली असते. तिच्या खळग्यातला नवा माल सैल, माथ्यावर जुना घट्ट. चाकं फिरली की सैल माल दबतो आणि तीच लाट त्याच जागी वर येते. दर दहा दिवसांची फेरी वाया जात होती ती बहुतांशी इथे.

उकरल्यावर पात्याच्या तीन फेऱ्या कापायच्या. पात्याचा कोन ४० अंश, वरचा काठ जरा मागे झुकवलेला, म्हणजे धार चावते. वेग ताशी ५ किलोमीटर, खुंट्यांमध्ये ३६ सेकंद. पुढची चाकं माल ज्या बाजूला सरकतोय त्या बाजूला १० ते १५ अंश झुकवलेली. नाहीतर मालाच्या दाबाने मशीनचं नाक उलट्या बाजूला ओढलं जातं आणि ऑपरेटर पूर्ण वेळ स्टिअरिंगशी झगडत बसतो. फ्रेम किंचित आर्टिक्युलेट केली, म्हणजे मधल्या सांध्यात वळवली, तर मशीन आणखी स्थिर बसतं. सरळ रेषेत चालतानाही हे करता येतं, अनेकांना वाटतं तसं ते फक्त वळणासाठी नाही.

४० अंशात ३.६६ मीटरचं पातं प्रत्यक्षात २.८ मीटर रुंदी झाकतं, त्यामुळे साडेतीन मीटरच्या अर्ध्याला दोन पट्टे लागतात. कोन कमी करून एकाच पट्ट्यात उरकायचा प्रयत्न केला तर माल पात्याच्या पुढच्या टोकावरून बाहेर सांडतो आणि कडेला नवा वरंबा तयार होतो.

मिसळताना पात्याची बैठक बदलते. वरचा काठ कटिंग एजच्या सुमारे ५ सेंटीमीटर पुढे. ही बैठक बरोबर आहे की नाही ते केबिनमधून दिसतं. माल पात्यावर चादरीच्या वळकटीसारखा गोल गोल फिरत मागच्या टोकाकडे सरकला पाहिजे. ओला गडद मुरूम वर येतोय, कोरडी फिकी खडी आत जातेय, असं प्रत्येक वळशाला दिसतं. माल न वळता नुसता पात्यावर चढून थापी धरत असेल तर पातं मागे जास्त झुकलंय. पातं मालावरून तरंगत पुढे जात असेल तर पुढे जास्त. कडेकडून मध्याला आणि मध्यातून कडेला असे तीन वळसे केले, मधे टँकर. विंड्रो, म्हणजे पात्याच्या टोकाकडून पडणारी मालाची लांब ओळ, टँडमच्या टायरच्या बाहेर पडेल इतकं पातं बाजूला सरकवलेलं. मागचं चाक विंड्रोवर चढलं तर टँडम उठतो आणि केलेलं काम एका फेरीत वाकडं होतं.

पहिल्या दिवशी दोन चुका झाल्या. टँकरचा व्हॉल्व्ह मोरीजवळ उघडा राहिला आणि ४० मीटरवर पाणी जास्त झालं. टँडम घसरायला लागला, पात्याला चिखलाच्या पोळ्या चिकटल्या. तिथे जोर लावण्यात अर्थ नसतो. तेवढा तुकडा नुसता उलटून पसरून ठेवला, दुपारी तीनपर्यंत वाऱ्याने सुकू दिला आणि मग परत घेतला. दुसरी चूक दगडांची. मुरमातून आलेले मूठभर-दीडमूठभर दगड पात्याखाली अडकून लांबलचक चर ओढत होते. हेल्पर बाजूने चालत होता, त्याने हात वर केला.

"दादा, थांबा, दगड घासतोय. डावं टोक खातंय."

"उचलू का?"

"नको, उचललंत तर ढेकूळ राहील. थोडं मागे घ्या, मी काढतो."

हेल्परचं बरोबर होतं. दगड अडकल्यावर चालत्या मशीनमध्ये पातं उचललं की मागे उंचवटा राहतो आणि पुढच्या फेरीला पुढची चाकं त्यावरच चढतात. पूर्ण थांबून, मागे येऊन, दगड हाताने काढून, चार-पाच मीटर मागून पुन्हा तीच रेषा धरायची. दुसऱ्या दिवसापासून पसरतानाच दोन माणसं ५० मिमीवरचे दगड वेचायला ठेवली.

शेवटच्या दोन फेऱ्या पसरण्याच्या. कोन ३० अंश, पातं पुढे झुकलेलं, वेग तोच. कॅम्बर ४ टक्के. वर्षाला १,००० मिमीहून जास्त पाऊस असलेल्या भागात खडीच्या ग्रामीण रस्त्याला आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) हाच उतार सांगते. साडेतीन मीटरवर तो १४० मिमी भरतो. मोजायला दोन मीटरची फळी, एका टोकाला ८० मिमीचा ठोकळा आणि वर पाणसळ. दर २० मीटरला ठेवायची. बुडबुडा मध्ये आला की झालं. पट्टा संपवताना पातं एकदम उचलायचं नाही. चालता चालता शेवटच्या दहा-बारा मीटरमध्ये हळूहळू सोडत जायचं, नाहीतर प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावर एक गतिरोधक तयार होतो.

लगेच मागे ८ ते १० टनी व्हायब्रो रोलर. कडेकडून मध्याकडे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवून. पहिली फेरी कंपनाशिवाय, मग चार कंपनासह, शेवटची पुन्हा साधी. माल सुकायच्या आत दाबायचा. सकाळी पसरलेलं दुपारच्या जेवणानंतर दाबू म्हटलं तर वरचा थर फिका पडलेला असतो आणि तो धूळ होऊन उडतो. दाबून झाल्यावर ग्रेडरने पुन्हा काहीही करायचं नाही. थोडी जागा उंच राहिली म्हणून दाबलेल्या रस्त्यावरून पातं फिरवलं की वरचं बांधलेलं कवच सुटतं.

मोरी, फाटा, वळण

मोरीवर पाईपच्या माथ्यावर मालाचा थर पातळ होता, तिथे स्कॅरिफायर उचलून घेतला आणि ताजा माल आणून चढवला. डांबरी रस्त्याला मिळतो तिथे शेवटच्या ३० मीटरमध्ये कॅम्बर हळूहळू सपाट केला. तसाच नेला तर मिक्सर एका बाजूला कलतो. वळणावर मध्य उंच नको, बाहेरची कड उंच हवी. या वळणावर आधीच्या फेऱ्यांनी सरळ रस्त्यासारखाच कॅम्बर दिला होता, म्हणून बाहेरच्या लेनमधले डंपर बाहेर फेकले जायचे, ड्रायव्हर ब्रेक दाबायचे, आणि तिथेच लाटा उठायच्या.

सहा आठवड्यांनी

सरळ ४०० मीटरवर तीन मीटरच्या पट्टीखाली सर्वांत मोठी फट ८ मिमी. तिरक्या लाटा परत आल्या नाहीत. वळणावर १० मिमी. गेटजवळच्या ६० मीटरवर मात्र ६०-७० सेंटीमीटर अंतराच्या लाटा पुन्हा उठायला लागल्या, खोली १५ मिमी. त्यांना ग्रेडर पुरे पडणार नाही. भरलेला मिक्सर तिथे रोज त्याच जागी थांबतो आणि त्याच जागी उचलतो. गेटच्या आत-बाहेर ३० मीटर काँक्रीट किंवा जाड पेव्हर ब्लॉक घालायचं ठरलं, आणि पोचरस्त्यावर ताशी २० किलोमीटरची मर्यादा.

खर्चाचा प्रश्न ठेकेदाराने योग्यच विचारला. दहा दिवसांनी अर्धा दिवस म्हणजे दोन महिन्यांत ग्रेडरचे तीन दिवस. इथे सलग चार दिवस लागले, शिवाय मुरूम, टँकर आणि रोलर. मशीनचे तास अडीच-तीन महिन्यांत भरून निघतात. बाकीचा खर्च गाड्यांचे टायर, स्प्रिंगा आणि खडी उडून जाण्याच्या हिशेबात मोजावा लागतो, आणि तो प्रत्येक साइटने आपल्या वह्यांतून काढावा.

पुढची फेरी मेच्या शेवटी, फक्त कडेची: वरंबा कापणं, गटार मोकळं करणं, कॅम्बर फळीने तपासणं. पाऊस सुरू असताना ग्रेडर रस्त्यावर आणायचा नाही, खड्डे पडले तर पाणी काढून हाताने भरायचे. मोठी फेरी ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांत. तेव्हा मालात ओलावा आपला आपण असतो, टँकर निम्मे लागतात. त्या फेरीआधी पुन्हा गेज, सरळ पट्टी आणि सळई घेऊन मशीनभोवती एक चक्कर, आणि खुंट्या ५० मीटरवर ठोकून ठेवलेल्या.